दोरीवरून की दोरीखालून

माझी सोयरीक ठरली तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हैदराबादला होता. सुट्टीत घरी आला, जेवायला बसला, आणि वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याला मुलाचं गाव, शेती, घरची माणसं असं सगळं सांगितलं. दादानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टेंभुर्णीचा म्हणता. औरंगाबादच्या कॉलेजात होता का?" आबा कौतुकानं म्हणाले, होता ना. दादा भरल्या ताटावरून उठला.

त्या काळी आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. पोराला कॉलेजात घालायचं तर जवळ म्हणून औरंगाबाद, नाहीतर थेट हैदराबाद. आमची शेती वाटूरकडची, पण शिक्षणापायी आबांनी जालन्यात घर केलं होतं. दादा हैदराबादच्या कॉलेजात गेला आणि तिथं काय शिकला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. फुटबॉल पाहायला मात्र शिकला. स्वतः कधी खेळला नाही. पण आपल्या कॉलेजचा सामना असला की हा पठ्ठ्या आगगाडीनं पाठोपाठ जायचा, आणि घसा बसवून परत यायचा.

असाच एकदा औरंगाबादला गेला होता. तिथल्या मैदानावर गोल म्हणजे दोन बांबू आणि वरून बांधलेली दोरी. दोरी ती, कितीही ताणा, दुपारपर्यंत मधे झोळ पडायचा. सामना संपत आला असताना औरंगाबादच्या एका पोरानं चेंडू मारला आणि दोरी हलली. औरंगाबादवाले म्हणाले चेंडू खालून गेला, गोल झाला. हैदराबादवाले म्हणाले वरून गेला. पंच बिचारा मैदानाच्या मधोमध. त्यानं गोलामागं उभ्या असलेल्या लोकांना विचारलं, कुणी पाहिलं? तेव्हा टेंभुर्णीचा एक उंच मुलगा पुढं आला आणि म्हणाला, मी पाहिलं, खालून गेला. पंचानं गोल दिला. हैदराबाद हरलं.

पुढं दोन वर्षं हीच हकिकत आम्ही प्रत्येक सणाला ऐकली. दादा त्या मुलाला 'दोरीवाला' म्हणायचा. घरात तो शब्द इतका रुळला की कुणी थाप मारली तर आईसुद्धा म्हणायची, दोरीवाल्यासारखं करू नको. आता त्याच दोरीवाल्याच्या घरी मला जायचं होतं.

मला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. चेंडू वरून गेला काय, खालून गेला काय, माझ्या बापाचं काय जात होतं? पण मला भीती दुसरीच होती. सासरी गेलेल्या मुलीला माहेर म्हणजे भाऊ. पंचमीला, दिवाळीला मूळ घेऊन, म्हणजे तिला न्यायला, तोच येतो. भाऊ दारात उभा राहिला तर माहेर आहे, नाही आला तर सण सासरच्या चुलीपुढं. माझ्या धाकट्या आत्याचं तसं झालं होतं. तिचा नवरा आणि आमचे आबा एका बैलावरून बोलेनासे झाले, आणि आत्या केस पांढरे झाल्यावर पहिल्यांदा माहेरी आली, तीही आजी गेल्यावर. ती दाराच्या चौकटीला धरून कशी उभी होती ते मी पाहिलेलं होतं. म्हणून मी दादाला एकदा धीर करून विचारलं, "तू येशील ना मला न्यायला?" तो म्हणाला, "तुला आणायला येईन. पण त्याच्या घरचं पाणी पिणार न्हाई." पाणी न पिणारा भाऊ किती वर्षं येतो, हे मला कळत होतं.

बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी जालन्यात एका मारवाडी शेठच्या दुकानात जमली. मला साडी पसंत करायला नेलं होतं, म्हणजे आईच्या पाठीमागं बसवून ठेवलं होतं. दादा एका टोकाला, नवरदेव दुसऱ्या टोकाला, मधे शालू-शेले. शेठनं साड्यांच्या घडीखालून गुलाबी कागदांची गड्डी काढली आणि म्हणाला, "पाटील, सामन्याची तिकिटं बी आपल्याकडंच हायेत. औरंगाबाद अन् हैदराबाद. खुर्चीची थोडीच राह्यली."

दोन्ही कॉलेजांनी एकमेकांच्या मैदानावर खेळायला नकार दिल्यामुळं सामना जालन्यात ठरला होता, जिनिंग कारखान्याच्या पटांगणात. भोवती कनाती लावायच्या होत्या, त्यामुळं आत जायला तिकीट. आमच्या गावाला हे नवीनच होतं.

"एक खुर्ची द्या," दादा म्हणाला. "मला बी एक," तिकडून आवाज आला. तोवर दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते, आणि त्यानंतरही बोलले नाहीत. जे बोलायचं ते शेठला सांगून बोलले.

"शेठ, तुम्ही हैदराबादचं मैदान एकदा बघा," दादा म्हणाला. "भिस्ती रोज मशकीनं पाणी मारतेत. गवत कसं, गादीवानी. बसायला पायऱ्या. इथं जिनिंगमधी कापूस उडून राह्यलाय, चेंडू कोणता अन् कापसाचा बोळा कोणता ते कळायचं न्हाई."

"शेठ, गादीवर खेळणाऱ्याचे पाय मुरमावर सोलतेत," नवरदेव म्हणाला. "म्हणून इकडं आले की हरतेत."

"हरत न्हाईत, हरवतेत त्यान्ला. दोरी बघणारे लोक लई हायेत तिकडं."

"ज्याला दिसलं त्यानं सांगितलं, शेठ. ज्याला दिसलं न्हाई तो अजून बोलूनच राह्यलाय."

शेठला दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच प्यारी. तो म्हणाला, "दोघं बी बिलकुल बराबर. दोन खुर्च्या शेजारशेजारच्या हायेत, देऊन टाकतो." आणि दोघांच्या हातात एकेक तिकीट ठेवलं.

मग आबांनी सहज विचारलं, सामना कधी आहे. शेठ म्हणाला, "जुम्म्याला. सुट्टीच हाय ना. असरची नमाज झाली की सुरू, मगरिबच्या आत खतम." म्हणजे उन्हं उतरल्यावर सुरू आणि दिवस मावळायच्या आत संपणार. त्याच शुक्रवारी गोरज मुहूर्तावर माझं लग्न होतं. दोन्ही घरच्या शहाण्या माणसांनी पंचांग पाहिलं होतं, गुण पाहिले होते, नक्षत्र पाहिलं होतं. गावात त्या दिवशी काय आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. वऱ्हाडाला निरोप गेलेले, आता तिथी बदलणं नाही. नवरदेवाच्या काकांनी त्याला म्हटलं, तिकीट परत कर, तुला काय उपयोग. तो म्हणाला, "राहू द्या." मी आईच्या पाठीमागं तोंडाला पदर लावला, कारण मला हसू आलं होतं. त्याच्याबद्दल काहीतरी बरं वाटण्याची ती पहिली वेळ.

आमच्याकडची रीत अशी, की लग्नाच्या वेळी नवरदेव आधी मारुतीच्या पारावर जाऊन बसतो. तिथून त्याला मांडवात आणायला नवरीच्या भावानं जायचं. भाऊ आल्याशिवाय नवरदेव पारावरून हलत नाही. आणि मंगलाष्टकं झाली की त्याच भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. मारुतीचं देऊळ जिनिंगच्या पटांगणाला लागूनच. दादा म्हणाला, "मी सामना बघतो, संपायच्या आधी उठतो, अन् पारावरून पाव्हण्यांना घेऊन येतो. सगळं जागच्या जागी हाय." आबांना ते पटलं. फुटबॉल पाहणारा माणूस सामना संपायच्या आधी उठेल यावर विश्वास ठेवणारं आमचं घर.

शुक्रवारी मी हळदीच्या पिवळ्या साडीत आतल्या खोलीत बसले होते. उन्हं उतरली. पटांगणातला गलका घरापर्यंत ऐकू येत होता. नवरदेव पारावर येऊन बसल्याचा सांगावा आला. दादाचा पत्ता नाही. आबांनी मामाला पिटाळलं. मामा घामाघूम होऊन परत आला. कनातीपाशी दरवान त्याला म्हणाला, "पहले तिकीट बताव." मामानं नवरीचा मामा असल्याचं सांगितलं, पागोटं दाखवलं, आवाज चढवला, दरवान तिकीटच मागत राहिला. तिकडं पारावर वऱ्हाडी कुरकुरायला लागले होते. भाऊ न्यायला येत नाही म्हणजे हा आमचा अपमान आहे, असं नवरदेवाचे काका म्हणाल्याचं मामानं आईच्या कानात सांगितलं, पण मामाची कुजबूज चार घरांना ऐकू जाते. गुरुजी दर थोड्या वेळानं दारातून आभाळ पाहून जात होते. लग्न लागेल न लागेल हा प्रश्न नव्हता, कुणी चुलतभाऊ पुढं करून ते लावलंच असतं. पण दादा त्या मांडवात नसता तर तो पुन्हा कधीच टेंभुर्णीला आला नसता, आणि सासरच्यांनी त्याला येऊही दिलं नसतं. मला आत्याच डोळ्यांपुढं दिसत होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आहे आणि दरवेळी थोडं वाढवून. त्यातलं जेवढं जुळतं तेवढंच इथं लिहिते.

नवरदेव पारावरून उठला. काका हात धरायला आले तर म्हणाला, "तेच्या बहिणीशी लगन करून राह्यलोय, तेच्याशिवाय कसं जाऊ?" अंगाला हळद, कपाळाला बाशिंग, हातात लिंबू टोचलेली कट्यार, अशा थाटात तो दरवानापुढं उभा राहिला आणि कमरेच्या शेल्यातून तिकीट काढून दिलं. दरवानानं तिकीट पाहिलं, कट्यार पाहिली आणि सलाम केला. आत सामना बरोबरीत होता. दादा खुर्चीच्या टोकाला टेकलेला. शेजारची खुर्ची मोकळी होती, तिच्यावर नवरदेव जाऊन बसला.

दादानं मान वळवली नाही. "तुम्ही कशाला आलात? मी येणारच होतो."

"वाट बघून आलो."

"बराबरीत हाय."

"दिसून राह्यलंय."

मग दादानं विचारलं, "एक सांगा. त्या दिवशी चेंडू दोरीवरून गेल्ता का खालून?"

"खालून."

"आज माझ्या बहिणीचं लगन हाय. मी उठलो न्हाई तर तुमचा कान पिळायला माणूस न्हाई. हे ध्यानात घेऊन सांगा."

"ध्यानात हाय. खालूनच गेल्ता. मी दोरीपाशी उभा होतो. तुम्ही होता पार त्या टोकाला."

दादानं तेव्हा त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मग खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "चला दाजी. मुहूर्त टळंल." नेमका त्याच वेळी हैदराबादला कॉर्नर मिळाला होता. दोघं पाठ करून चालत राहिले. कनातीबाहेर पडले आणि मागं एकच आरडाओरडा झाला. कुणाचा, ते दोघांनाही कळलं नाही, आणि दोघांपैकी कुणी मागं फिरलं नाही.

वाजंत्रीवाले अजून पारावरच वाट पाहत होते. हे दोघं वाजंत्रीशिवाय पायी मांडवात आले, तेव्हा आई देवापुढं जाऊन बसली. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली आणि दादानं कान पिळला. नवरदेवाच्या तोंडून निघालेला आवाज मी अगदी जवळून ऐकला. रीत म्हणून पिळलेला तो कान नव्हता. दोन वर्षांचा हिशेब दादानं त्यात चुकता केला.

पंगतीला बसल्यावर बातमी आली. त्याच कॉर्नरवर हैदराबादनं गोल केला होता आणि सामना जिंकला होता. दादाच्या पानात बुंदी वाढलेली होती, तो तिच्याकडं नुसता बघत बसला. आपल्या कॉलेजचा एवढा एक गोल त्याला हवा होता आणि नेमका तोच त्यानं माझ्यापायी सोडला. यानंतर मी त्याला आयुष्यात फार कमी वेळा टाकून बोलले.

निघताना मी त्याला विचारलं, तू असा अचानक कसा उठलास? तो म्हणाला, "वरून गेल्ता असं म्हणला असता तरी मी आलो असतो. कान पिळला असता, तुझं लगन लावलं असतं. पण तेच्या घरात पाय ठेवला नसता. आज काम व्हावं म्हणून माझ्याशी गोड बोलणारा माणूस उद्या तुझ्याशी काय बोलंल, ते कसं वळखायचं?" आणि वर म्हणाला, "गेल्ता मात्र वरूनच."

तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. लग्नाच्या गडबडीत माणूस चार गोष्टी चांगल्या बोलून जातो. श्रावण लागला, शेजारणींचे भाऊ येऊ लागले, आणि मी दाणे पाखडता पाखडता दहादा वाटेकडं पाहायची. पंचमीच्या आदल्या दिवशी दादाची बैलांची दमणी दारात उभी राहिली. सासूबाईंनी तांब्या पुढं केला. दादानं तो हातात घेतला आणि घटाघटा पाणी प्यायला. मी आत पळाले, कारण मला रडू आवरेना.

बोचकं बांधून बाहेर आले तर दादा आणि आमचे हे ओसरीवर जुंपलेले. पुढच्या साली सामना कुठं व्हावा, खुर्च्या सावलीच्या बाजूला असाव्यात की उन्हाच्या, हैदराबादचा तो नवा पोरगा खेळतो की नुसता पळतो. सासूबाई मला म्हणाल्या, "बस गं, ह्यांचं होऊ दे." मी बोचकं मांडीवर घेऊन बसले. दुपारी कशीबशी दमणी हलली, तर हे बोलत बोलत बरोबर चालायला लागले. मला वाटलं वेशीपर्यंत येतील. वेस गेली, शीव आली. शिवेवर दादा म्हणाला, "दाजी, असं चालता चालता काय बोलणं होतंय," आणि हे दमणीत चढून बसले.

पहिल्या पंचमीला नवऱ्यासकट माहेरी आलेली मुलगी आमच्या आळीनं तोवर पाहिली नव्हती. वाटेत मी खूप रडले होते आणि माझं मलाच त्यात सुख वाटत होतं. आईनं दार उघडलं, माझे सुजलेले डोळे पाहिले, पाठीमागं जावई पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला. डोक्यावरचा पदर सावरत तिनं हळूच दादाला विचारलं, "काय झालं रे? हे का आले?"

"काही न्हाई," दादा म्हणाला. "आमचं बोलणं संपलं न्हाई अजून."