चार्जिंगचा दिवा

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, अगदी बारावीला किती वेळा बसलो तेही. हे मात्र तिलाही ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय — आणि सांगायला बसलो तरी गाडी उगाच इकडेतिकडेच फिरतेय.

चाकणला हायवेच्या कडेला माझं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे. बरं चाललंय. ते ज्यांच्यामुळे चाललं, ते हमीदचाचा शेजारच्या गाळ्यात अल्टरनेटर दुरुस्त करायचे — इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा तो भाग. मी दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. चाचा आपली गिऱ्हाइकं हाताला धरून माझ्या दारात आणून सोडायचे. असं कोण करतं हो?

दत्तूभाऊ असेच त्यांनी आणलेले. जवळच्याच गावचे, कंपन्यांना माल पोचवायला एक जुना ट्रक. डॅशबोर्डचे बल्ब इतके मंद, की उतारवयाच्या त्यांच्या डोळ्यांना काटेच दिसेनात. सगळे काढून एलईडी टाकायचं ठरलं. अल्टरनेटर चाचांनी त्याच आठवड्यात दुरुस्त करून दिला होता. जाता जाता मला म्हणाले, "बेटा, चार्जिंगचा दिवा तेवढा जुनाच राहू दे."

का, ते मी विचारलं नाही. म्हातारं माणूस, नव्याला बिचकतंय — माझी अक्कल तेवढीच. सगळं पॅनल पांढरंशुभ्र आणि कोपऱ्यात एकच जुनाट बल्ब? मला खपेना. तोही बदलला. चावी फिरवली तर बाकीचे झगझगले आणि तो एकटा लागला नाही. मी ते पाहिलं — हो, पाहिलं — आणि पॅनल लावून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो ट्रक एका कंपनीच्या गेटातच बसला. तपासणीसाठी इंजिन बंद केलं ते पुन्हा चालू होईना, बॅटरी पार उतरलेली. मागे गाड्यांची रांग, पुढे सिक्युरिटीवाल्यांची बोलणी. ट्रक ओढून आमच्याकडे आणला तेव्हा दत्तूभाऊ संतापलेले होते. कुणाचं काम हे, एवढंच विचारत होते. आणि मी काय म्हणालो?

"अल्टरनेटर आत्ताच उघडला होता ना, तिथंच बघा."

चाचांच्या समोर म्हणालो.

त्यांनी अल्टरनेटर उतरवला, तपासला. ठणठणीत होता. मग तो परत बसवून दुसरी बॅटरी जोडली, केबिनमध्ये चढले, चावी फिरवली, डॅशबोर्डकडे बघत राहिले. नंतर माझ्याकडे. आता बोलतील — मी मान खाली घातली. चाचांनी माझ्याच डब्यातून जुना बल्ब शोधून बसवला, खाली उतरले आणि म्हणाले, "मेरीच गलती, दत्तूभाऊ. आता बघा, चालंल." चारचौघांत भाऊ त्यांना नको ते बोलले. "हात चालंना तर बंद करा की धंदा, चाचा!" चाचा ऐकत उभे होते. मीही ऐकत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. पण कालचा विषयच नाही! बाकावर अल्टरनेटर ठेवून त्यांनी दाखवलं — त्या साध्या बल्बमधून जो थोडा करंट जातो, त्यावर अल्टरनेटर चार्जिंग सुरू करतो. एलईडीतून तेवढा जात नाही. उलटा बसला तर अजिबातच नाही. मग ते मला स्वतः शिकवत गेले, रोज, महिनोन्‌महिने. माझ्या हातात आज जी कला आहे ती त्यांची. माझ्या घरातली चूल त्यांच्यामुळे पेटते. इतकी माया मला सख्ख्या काकांनी लावली नाही, आणि आठवलं की आजही डोळे भरून येतात.

पण दत्तूभाऊंचं ते बोलणं नाक्यावर पसरलं. चाचांकडे गाड्या थांबेनाशा झाल्या. दोनेक वर्षांत त्यांनी गाळा सोडला आणि तळेगावला लेकीकडे राहायला गेले. निघताना उरलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवून गेले. ती दोन वर्षं मी त्यांच्या शेजारीच बसून होतो. एकदाही तोंड उघडलं नाही.

दत्तूभाऊ अजून येतात. परवा केबिनमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "काय बी म्हण, चाचाचा हात शेवटी शेवटी गेला व्हता. न्हाई?"

मी "हो" म्हणालो.