पलीकडून विचारत होते

दोघी बहिणी या देशात उतरल्या तेव्हा थोरली पंधरा वर्षांची होती, धाकटी चार. धाकटीने इथली भाषा खेळता खेळता उचलली. थोरलीला मात्र लहान मुलांच्या वर्गात बसवलं. तिने तोंड उघडलं की वर्ग खिदळायचा. शेवटी तिने शाळेवर पाणी सोडलं आणि एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी धुवायच्या कामाला लागली. धाकटी शिकत गेली, बँकेत साहेबीण झाली.

चाळिशी उलटली तरी थोरलीची इथली भाषा बोलायची धास्ती काही गेली नाही. मुकादम निवृत्त व्हायला आला, तेव्हा म्हणाला, "माझी जागा घेतेस का? पगार चांगला वाढेल."

"फोन घ्यावा लागेल?"

"दिवसभर."

"मग नको, बाबा."

त्याच आठवड्यात, मुकादम बाहेर गेलेला असताना, इस्त्रीच्या तापल्या रोलरमध्ये तिच्या मैत्रिणीची बाही गेली आणि बाहीमागोमाग हात. थोरलीने झेप घेऊन मशीन बंद केलं, हात सोडवला. मैत्रीण किंचाळत होती. सोबतच्या दोघी तर काल-परवाच या देशात आलेल्या. त्या थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

तिने अँब्युलन्सचा नंबर फिरवला. पलीकडची बाई भराभरा विचारू लागली. काय झालंय? पत्ता सांगा. शब्द सगळे ओळखीचे, पण थोरलीची दातखीळ बसली. तो खिदळणारा वर्ग पुन्हा समोर उभा राहिल्यासारखं झालं. तिने फोन ठेवला आणि धाकटीला लावला.

"ताई? रडू नकोस गं, नीट सांग. थांब, मी बोलावते."

अँब्युलन्स आली. मैत्रिणीचा हात वाचला, दोन बोटं मात्र कायमची आखडली. डॉक्टर म्हणाले, उशिराने तसा काही फरक पडला नाही. थोरलीला ते पटलं नाही.

"उगाच घाबरतेस तू," संध्याकाळी धाकटी म्हणाली. "छान तर बोलतेस."

"तू पडलीस-झडलीस की यांच्याच भाषेत रडायचीस. मी आपल्या भाषेत रडून मोठी झाले, मग इथे आले. जीव घाबरला की माझ्या तोंडी तीच येते."

धाकटीने ताईचा हात हातात घेतला.

मुकादमाची जागा इथेच जन्मलेल्या एका पोरीला मिळाली. मशीनचं सगळं काम तिला थोरलीनेच शिकवलं. स्वतः मात्र रोज कामाला निघताना बहिणीला विचारायची, "आज फोन चालू ठेवशील ना गं?"