पाड्याचा एकच नंबर

पुतळीची लेक चंदना बारावी पास झाली, नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली, आणि सूर्यमाळच्या खालच्या पाड्यात सगळ्यांना वाटलं की आता पोरीचं सरकारच बघणार. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी तसं सांगितलंच होतं. फी सरकार भरतं, तुम्ही फक्त फॉर्म भरा. यातला 'फक्त' गुरुजींनी कुठून आणला, हे काही पुतळीला शेवटपर्यंत कळलं नाही.

सरकार पैसे देतं हे खरं. पण ज्याला ते हवेत त्याने आधी आपण गरीब असल्याचं सिद्ध करायचं असतं, आणि गरिबी कागदावर आणायला खर्च फार येतो. पुतळीच्या मोखाड्याला फेऱ्या सुरू झाल्या. जीपने जायचं, मजुरी बुडवायची, आणि साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकून परत यायचं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याने विचारलं, वर्षाला किती मिळतं? पुतळी म्हणाली, काम असलं की मिळतं, नसलं की नाही मिळत. हे उत्तर रकान्यात बसेना. मग त्याने आपल्या मनाने आकडा टाकला. सगळ्या पाड्याला तो तोच आकडा टाकत असे, त्यामुळे कागदावर तरी तिथे कमालीची समता होती.

जातपडताळणीला चंदनाच्या आजोबांचा शाळेचा दाखला हवा होता. आजोबांनी शाळा बांधायला दगड वाहिले होते, आत कधी गेले नव्हते. मग आजोबा अडाणी होते असं प्रतिज्ञापत्र करा, असं सांगण्यात आलं. ते प्रतिज्ञापत्र इतक्या जड मराठीत निघालं की आजोबा हयात असते तर ते ऐकून पुन्हा एकदा अडाणी ठरले असते.

कॉलेजची तऱ्हा निराळी. शिष्यवृत्ती आली की फी तिच्यातून वळती होईल, तोवर मेसचे पैसे तुम्हीच भरा, असं तिथल्या क्लार्कने सांगितलं. म्हणजे मदत मिळेपर्यंत, मदतीची गरजच नाही अशा माणसासारखं राहायचं. पुतळीने शेळी विकली, बचत गटातून उचल घेतली, नवरा गोमा भिवंडीला गोदामात हमालीला गेला. तेवढ्यात कॉलेजचा शेवटचा निरोप आला. शनिवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म भरल्याची पावती आली नाही, तर चंदनाची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

शनिवारी पुतळी मोखाड्यात गोरखच्या ऑनलाइन केंद्रात सकाळपासून बसून होती. पोर्टल दुपारनंतर उघडलं. गोरखने भराभर माहिती भरली, आणि म्हणाला, "मावशी, ओटीपी गेलाय. आधारला जोडलेल्या नंबरावर बघा." पुतळीने आपला मोबाईल काढून बघितला. तो गप्प होता. आणि मग तिच्या ध्यानात आलं की तो गप्पच राहणार.

पाड्यात आधारचं शिबिर आलं तेव्हा सगळ्या पाड्यात मोबाईल एकट्या नवशाकडे होता. नवशा म्हणजे गोमाचा थोरला भाऊ. शिबिरवाला ज्याला-त्याला नंबर विचारायचा आणि नवशा मागून मोठ्या मनाने म्हणायचा, लिहा माझाच. तेव्हापासून कोणाची पेन्शन आली, कोणाचं घरकुल अडलं, हे त्या माणसाच्या आधी नवशाला कळे. पुढे घराघरात फोन आले, पण नंबर बदलायला जव्हार गाठावं लागे. नवशाचा चालतोय ना, मग दिवस कशाला मोडा, असं म्हणून सगळा पाडा नवशाच्या खिशात तसाच राहिला. आणि त्या शनिवारी नवशा दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला गेलेला होता.

गोरखने फोन लावला. नवशाने विचारलं, तू कोण? गोरखने सांगितलं, आणि नवशाने फोन ठेवला. वर्षापूर्वी एका गोडबोल्या पोराने त्याच्याकडून असेच आकडे काढून घेतले होते आणि एका म्हातारीची पेन्शन साफ केली होती. तेव्हापासून त्याचा नियमच होता, आवाज ओळखीचा असेल तरच आकडा सांगायचा. गोरखने पुन्हा लावला, तेव्हा नवशाने पोलिसांचं नाव घेतलं.

आवाज ओळखीचा कोणाचा? गोमाशी बोलायचं तर मुकादमाच्या फोनवर, आणि मुकादम दिवसा फोन उचलत नसे. चंदना नाशिकला हॉस्टेलात, आणि तिचा मोबाईल वॉर्डनबाईंच्या कपाटात बंद.

"मावशी, तुमचे दीर ना ते? मग तुम्हीच बोला की," गोरख वैतागून म्हणाला.

त्याला काय माहीत. धाकटीने थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. लग्न होऊन आल्यापासून पुतळी नवशाशी एक अक्षर बोलली नव्हती. काही सांगायचं तर गोमाला सांगे, गोमा नवशाला सांगे, नवशा शेजारी उभा असला तरी. गोमा घरात नसला तर ती दाराच्या चौकटीला सांगे की जेवण झालंय, आणि चौकटीचं ऐकून नवशा जेवायला बसे.

पुतळीने डोक्यावर पदर घेतला आणि फोन हातात घेतला.

"भाऊजी, मी पुतळी."

"कोण पुतळी?"

"गोमाची बायको."

"गोमाची बायको बोलत नाय," नवशा म्हणाला. "दुसरा कोणी बघ." आणि फोन बंद.

गोरखने पुन्हा लावून दिला. आता पुतळीने त्याला तोंड उघडू दिलं नाही.

"ठेवू नका. चंदनाच्या बारशाला कोंबडा तुमीच कापला, आन तंगड्या झाडाआड बसून तुमीच खाल्ल्या. मी पाण्याला चालले होते, बघितलं. मंग पंगतीत म्हनालात, धाकटीनं कोंबडा कुठं जिरवला. मी काय बोलले नाय. तुमच्या वरच्या खाचराचा बांध दर साली आमच्या अंगावर सरकतो, तो काय पायानं चालत येतो? तेबी बोलले नाय. आता पोरीची जागा जातेय. आकडे सांगा."

केंद्रातली माणसं कामं सोडून तिच्याकडे बघत राहिली. पलीकडे नवशा बागेतल्या कोणाला तरी म्हणाला, "धाकटीच हाये." आणि फोनमध्ये म्हणाला, "लिव."

इतक्या कचेऱ्यांनी इतकी पडताळणी केली, पण मनापासूनची हीच एक. तोवर पहिला आकडा शिळा झाला होता. गोरखने दुसरा मागवला, नवशाने तो पाढे म्हटल्यासारखा वाचला, आणि मोखाड्यातली वीज जायच्या आत पावती निघून कॉलेजला गेली.

जीप पाड्यावर पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सासू धोंडीबाई चुलीपाशी वाट बघत होती.

"दिराला बोललीस?"

"बोलले."

"बांधाचंबी?"

"बांधाचंबी."

सासू चुलीकडे वळली आणि उगाच लाकडं पुढे सारत राहिली. तिचे खांदे हसण्याने हलत होते.

चंदनाची जागा राहिली. पैसे मात्र येईनात. मेसचा तगादा सुरूच, आणि आता क्लार्क म्हणू लागला की पुढच्या परीक्षेला बसू देणार नाही. शेवटी चंदनानेच शोधून काढलं की फॉर्म कॉलेजातच अडकलाय. मंजुरीचं बटण दाबायचं होतं ते त्याच क्लार्कने, जो रोज तिच्याकडे पैसे मागत होता. गोमा घरी आला होता. तो म्हणाला, नवशाला घेऊन जाऊ, तो बोलंल. पुतळी म्हणाली, कशाला? आणि सकाळच्या गाडीने एकटीच नाशिकला गेली.

क्लार्कने तिला सर्व्हर, लॉगिन, वरिष्ठांची सही असं बरंच समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"साहेब, दाबा. मी बघते."

तो म्हणाला, सर्व्हर संथ आहे, वेळ लागेल. पुतळीने फडकं सोडलं आणि त्याच्या टेबलावर नागलीची भाकर मांडली. चटणीचा वास सगळ्या ऑफिसात सुटला, आणि सर्व्हरला जाग आली. बटण दाबून झाल्यावर क्लार्क म्हणाला, झालं, फॉर्म आता पुढच्या कचेरीत गेला.

ती कचेरी कुठं आहे, हे पुतळीने त्यालाच विचारून घेतलं. मग उरलेली भाकर परत फडक्यात बांधली आणि ती उठली.