तीन दिवसांची लाह

"आठे काय शे?"

हे म्हणताना सर उजव्या हाताची बोटं हवेत झटकायचे, ताटावरची माशी हाकलावी तशी. इथे काय आहे? मग समोर मोहाचं झाड फुललेलं असो, पोरं ओढ्यातून खेकडे धरून नाचत येत असोत, की सातपुड्याच्या रांगा एकीमागे एक उभ्या असोत. सरांचा हात झटकला की ते सगळं बाद. तुमच्या ऑफिसात, तुमच्या गल्लीतही असा एखादा असेल. त्याला सणाचं जेवायला घाला, तो मिठावरच बोट ठेवणार. आमच्या वाट्याला हा आला होता, आणि नऊ वर्षं होता.

धडगावच्या पुढे जीप जिथे थांबते तिथून तासभर चढलं की आमचं गाव लागतं. शाळा दोन शिक्षकांची. सर मुख्याध्यापक आणि मी त्यांच्या हाताखाली. मी याच गावची, पावऱ्यांच्या घरातली. शहाद्याला शिकून परत आले ती इथेच चिकटले. सर सपाटीवरचे, शहाद्याकडच्या गावातले. घरी केळीचा मळा. सोमवारी वर यायचे, शनिवारी शाळा सुटली की उतरायचे. चढताना दर वळणावर थांबून उसासे टाकायचे, उतरताना मात्र गुडघे अगदी नव्यासारखे चालायचे.

पहिलं वर्षभर ते पिण्याचं पाणी घरून कॅनमध्ये आणत. आमच्या झऱ्याचं पाणी मी लहानपणापासून पीत आले आहे आणि अजून जिवंत आहे, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. पुढे कॅन उचलायचा कंटाळा आला तेव्हा ते झऱ्याचं पिऊ लागले, पण औषध घ्यावं तसं तोंड करून.

चैत्रात पहाटे आई, काकू आणि मी मोहाची फुलं वेचायला जातो. टोपली भरायला फार वेळ लागत नाही, पण आम्ही लावतो. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची सून रुसली, सगळं त्या झाडाखाली निघतं आणि हसून हसून कंबर दुखते. एकदा सर वाटेत भेटले. काकूने हौसेने ओंजळभर फुलं त्यांच्यापुढे धरली. सरांनी एक तोंडात टाकलं, थुंकलं आणि म्हणाले, "याले वास येस." काकूने ओंजळ मागे घेतली आणि पुन्हा कधी पुढे केली नाही.

उन्हाळ्यात कैऱ्या कापायला बायका आमच्या अंगणात जमतात. ओढ्याकाठचा मोठा खडक आमचूराच्या फोडींनी पांढरा होऊन जातो. पोरं राखण करता करता निम्म्या फोडी खातात, म्हातारे सावलीला बसून एकमेकांची टिंगल करतात. सर छत्री घेऊन उभे राहायचे आणि शहाण्या माणसाने आंबा पिकू दिला असता म्हणायचे. कुणी उत्तर देत नसे. मी मनात देत असे, आणि ते छापण्यासारखं नाही.

कारण मीही काही कमी नव्हते. आमच्या घामाचं, आमच्या सुखाचं मोल करायला हा कोण टिकोजी लागून गेला, असं मला रोज वाटे. वर्गात ते चांगलं शिकवत, हे कबूल करायलाही मला जड जाई.

सर राहायचे शाळेशेजारच्या कौलारू खोलीत. तिच्यावर वानरांच्या उड्या असायच्या. सरांनी शिट्टी वाजवून, दगड मारून, शेवटी पाढे म्हणायच्या मोठ्या आवाजात ओरडून त्यांच्याशी युद्ध केलं. वानरं जिंकली. त्यांच्या शेवटच्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा छपराची पार चाळण झालेली. पाऊस आठ दिवसांवर आला होता, आणि नेमकं त्यांच्या बायकोने कळवलं होतं की येत्या रविवारी ती वर येणार. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती.

सरांनी शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, की कौलं चाळायला मजूर पाहिजेत, रोख मजुरी मिळेल. पोरांनी ते घरोघर वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी एकही माणूस शाळेकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"मजुरी दी ऱ्हायनू, तरी एक बी माणूस येत नही," सर मला म्हणाले. "आळशी लोके शेतस."

हेच आळशी लोक दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जातात. मजुरीला आम्ही खाली जातो, परक्याच्या शेतात. गावात कुणाच्या घरावर चढायचं असेल तर तिथे मजुरी नसते, तिथे लाह असते. ज्याचं काम असेल त्याने घरोघर जाऊन बोलवायचं. प्रत्येक घरातून एक माणूस येतो, दिवसभर राबतो, संध्याकाळी सगळे मिळून जेवतात. मोबदला एकच. उद्या त्याने बोलावलं की आपण जायचं. शेजाऱ्याला मजुरी देऊ करणं म्हणजे तू माझा कुणी नाहीस असं तोंडावर सांगणं. सरांनी तर ते फळ्यावर लिहून सांगितलं होतं. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी तीन दिवस गप्प बसले. कशाला खोटं बोलू, मला मजा येत होती.

चौथ्या दिवशी माझे बाबा शाळेत आले, त्यांनी स्वतः फळा पुसला आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत सरांना सगळी रीत समजावली. मग सरांना घेऊन घरोघर फिरले. लोक का-कू करत होते. हा खालचा माणूस, हा उलट लाह काय करणार? बाबांनी प्रत्येक दारात एकच सांगितलं, की गुरुजी येतील, माझा शब्द आहे. आमच्याकडे शब्द दिला की तो माणसाच्या आधी दारात जाऊन बसतो.

शुक्रवारी सकाळी अख्खं गाव छपरावर. दुपारपर्यंत कौलं चाळून झाली, मग उडदाची डाळ आणि भाकरी. सरांनी घरची केळी वाटली आणि खालच्या केळीची गोडी सगळ्यांना समजावून सांगितली. तेवढं करायलाच हवं होतं.

रविवारी त्यांच्या बायको आल्या. बारीक, हसऱ्या. चढून आल्या आल्या पाणीही न घेता त्यांनी मला विचारलं, "तू मॅडम ना? तुन्ही मायना खोकला बरा व्हयना का?"

हे यांना कुणी सांगितलं? मग त्यांनी आमचूर वाळवायचा खडक कुठला ते विचारलं. काकूला नावाने ओळखलं. सर रुमालात बांधून आणतात ती मोहाची फुलं हिच्याच झाडाची का, असंही विचारलं. सर कौलं बघत दूर उभे होते, बहिऱ्यासारखे.

"घर उनात का याच गोष्टी," त्या आईला सांगत होत्या. "तठलं पाणी यास्ले गोड लागत नही. केळीना मळामा उभा ऱ्हातस नि म्हणतस, आठे काय शे?"

आई, काकू पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्हाला वाटेल, माझं मन पाघळलं. छे. मला उलट जास्त चीड आली. नऊ वर्षं आमच्या दारातलं सगळं सुख ओरपायचं आणि त्याबद्दल एक बरा शब्द बोलायचा तर तो खाली जाऊन, ज्यांना त्याचा उपयोग नाही त्यांच्याकडे. काकूच्या ओंजळीसमोर थुंकताना जीभ बरी वळली होती. असली माया मला भेकडपणाची वाटते. आजही वाटते.

आणि लाह? त्याच पावसाळ्यात बाबांच्या मित्राच्या घराची भिंत घालायची होती. हा मित्र म्हणजे गावातला सगळ्यात तिखट जिभेचा म्हातारा. बोलावणं सरांनाही गेलं. त्या दिवशी सरांना ऑनलाइन माहिती भरायची होती. माणसाऐवजी त्यांनी बिस्किटांचे पुडे पाठवले. लोकांनी बिस्किटं खाल्ली आणि खाता खाता बाबांकडे पाहिलं. पुढच्या वेळी काकूच्या शेताचा बांध होता, तेव्हा धडगावला मीटिंग निघाली. त्यानंतर उन्हाळ्यात बदली निघाली. निरोपाला गावाने ढोल वाजवत त्यांना जीपपर्यंत पोचवलं. जीपमध्ये बसताना त्यांनी वळून डोंगराकडे पाहिलं आणि हात झटकला.

बाबांचा शब्द मात्र इथेच पडून राहिला. म्हाताऱ्याने तो अधूनमधून उचलून दाखवायचा. बाबा कुठेही मध्ये बोलले की तो विचारायचा, हे पण बिस्किटांवरच का? सगळे हसत. बाबाही हसत. पण हळूहळू ते चावडीवर मागच्या बाजूला बसायला लागले.

दोन वर्षांनी माझ्या धाकट्या भावाने वेगळं घर बांधायला घेतलं. कूड उभे राहिले, वासे चढले, कौलं घालायची लाह ठरली. बाबा घरोघर बोलवायला गेले तेव्हा म्हातारा म्हणाला, आधी तुझा गुरुजी आण, मग मी येतो. या वेळी कुणी हसलं नाही. बाबा घरी आले, भाकरी अर्धी ठेवून उठले आणि मला म्हणाले, टेकडीवर जा, गुरुजींना फोन लाव.

मला ते अजिबात करायचं नव्हतं. सर निवृत्त झालेले, ते कशाला येतात? तरी गेले, रेंज येते त्या दगडावर उभी राहिले आणि दिवस सांगितला. म्हाताऱ्याचं बोलणंही सांगितलं, मुद्दाम टोचून. पलीकडून "पाहू" एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. घरी येऊन बाबांना म्हटलं, वाट बघू नका.

लाहेच्या दिवशी सकाळी माणसं आली, पण निम्मीच. बाबा कौलांच्या ढिगाजवळ खाली मान घालून कौलं पुसत होते. तेवढ्यात खालच्या वळणावर एक काठी दिसली, मग टोपी, मग दर दहा पावलांवर थांबणारे सर. गुडघ्याला पट्टा बांधलेला, अंग घामाने निथळत होतं. आईने लगबगीने चहा पुढे केला.

"पाहुणा नही, मी काम कराले येल शे," सर म्हणाले. मग बाबांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मन्हा तीन दिन बाकी शेतस."

 बाबांनी सरांच्या हातात एक कौल दिलं.

वर चढणं सरांना जमणार नव्हतं. त्यांना वळचणीजवळ बाकावर उभं केलं, आणि सगळ्यात खालची ओळ त्यांनी घातली. दिवसभर कुरकुर चालूच. आठे काय शे, नुसता चढाव. आठे काय शे, नुसती वानरं. दुपारी तो म्हातारा आला, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि गपचूप छपरावर चढला. त्याच्यामागून उरलेली माणसंही आली.

सर खरंच तीन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी काकूकडे गेले, तिथे मक्याची कणसं सोलली. काकूने मूठभर वाळलेली मोहाची फुलं पुढे केली, ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकडे. भिंत तर केव्हाच उभी होती, पण म्हातारा खट, त्याने सरांना त्याच भिंतीला टेकून सुतळी वळायला बसवलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. दोघं दिवसभर एकमेकांना नावं ठेवत होते आणि दोघांचाही चेहरा खुलला होता. त्या संध्याकाळी बाबा चावडीवर पुढे जाऊन बसले.

जाताना सर मला म्हणाले, "मॅडम, फोनवर तू बोलनी ते बरं व्हयनं."  मी त्यांची काठी त्यांच्या हातात दिली.

थंडी सरता सरता, एकदा टेकडीवर असताना त्यांच्या बायकोचा फोन आला. सर गेले. मळ्यात उभे होते, तिथेच बसले ते उठले नाहीत. बाबांना सांगितलं तेव्हा ते उठून झऱ्याच्या वाटेला लागले.

त्यांनी घातलेली ओळ वाकडी आहे. नऊ वर्षं पोरांना रेघा आखायला शिकवलेला माणूस, कौलांची एक ओळ सरळ लावता आली नाही. पावसाळ्यात भावाच्या ओट्यावर नेमकी तिथून धार लागते. यंदा शाकारणीला भावाने सगळं छप्पर चाळलं आणि खालच्या ओळीशी येऊन थांबला. ही पण सरळ करू का, असं त्याने वरून विचारलं.  आई-बाबा दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या माणसावर घरात सगळ्यात जास्त तोंडसुख मीच घेतलेलं.

मी हात झटकला. राहू दे म्हटलं, तिथे बसतं कोण.

आता पाऊस लागला की धारेखाली पातेलं मीच नेऊन ठेवते.