पंचमीला उलटं फिरवलेलं रीळ

दुपारी दोनला बायकांचा खेळ होता आणि सकाळी अकराला पाटलांचा माणूस निरोप घेऊन आला. बाया येणार नाहीत. आणि बाया येणार नसतील तर पाटील गोदामही देणार नाहीत. सामान आवरून घ्यावं.

शेटजींनी निरोप ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काल तू काय बोललास?"

आमची फिरती सिनेमा कंपनी उमापुरात येऊन दोन दिवस झाले होते. राज्य निजामाचं. गेवराईच्या तहसिलीतून उर्दूत लिहिलेली इजाजत आमच्याकडे होती. तीन दिवस, रोज एक खेळ, आणि नागपंचमीचा खेळ फक्त बायकांसाठी. पंचमीला लेकी माहेरी येतात, गाव बायकांनी भरलेलं असतं, हे शेटजींना कुणीतरी सांगितलं होतं. त्या सणाला आणखी काय असतं, हे मात्र सांगितलं नव्हतं. ते हैदराबादचे. श्रावणातल्या काळ्या मातीत तंबूचे खुंट धरत नाहीत, म्हणून पाटलांचं कापसाचं गोदाम घेतलं होतं. कापूस यायला अवकाश होता. गोदाम रिकामं होतं आणि दारं लावली की भर दुपारी आत काळोख होई.

त्या काळी सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसं ओठ हलवत, आवाज येत नसे. मधूनमधून इंग्रजी अक्षरांची पाटी येई. तिला टायटल म्हणत. ती वाचणारं खेड्यात कुणी नसे. म्हणून कंपनी एक माणूस ठेवी. त्यानं पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट मोठ्यानं सांगायची. ते काम माझं. गावोगाव लोक मला मास्तर म्हणत. त्याआधी मी औरंगाबादेत एका साप्ताहिकात मुद्रितं तपासत होतो. नेमका शब्द शोधायची सवय तिथली. शेटजींनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं आणि हा तिसरा महिना होता. नोकरी कायम झाली असं मी घरी आधीच कळवून टाकलं होतं.

आमच्याकडचं चित्र चार रिळांचं होतं. ग्रीस नावाच्या देशाची जुनी पुराणकथा. एका दुष्ट राजाच्या सांगण्यावरून एक राजपुत्र एका भयंकर बाईचं शिर आणायला निघतो. तिच्या डोक्यावर केसांऐवजी जिवंत साप. तिच्याकडे जो बघेल त्याचा दगड होतो. राजपुत्र नजर खाली ठेवून, हातातल्या चकचकीत ढालीत तिचं प्रतिबिंब बघत जवळ जातो, ती झोपेत असताना मान उडवतो आणि शिर पिशवीत घालून पंखांच्या चपलांनी उडून जातो. हे तिसरं रीळ. चौथ्या रिळात तो एका राजकन्येला समुद्रातल्या राक्षसापासून सोडवतो आणि शेवटी ते शिर पिशवीतून काढून दुष्ट राजाला दाखवतो. राजाचा दगड होतो. चित्र संपतं.

त्या बाईचं टायटलवरचं नाव माझ्या जिभेवर बसेना. राक्षसीण म्हटलं असतं तर भागलं असतं. पण राक्षसीण हा शब्द मला ढोबळ वाटला. पहिल्या दिवशी, पुरुषांच्या खेळात, मी तिला नागकन्या म्हटलं.

पुरुषांना खेळ फार आवडला. घरी जाऊन प्रत्येकानं जेवताना बायकोला, बहिणीला, भावजयीला सांगितलं की राजपुत्रानं नागकन्येची मान कशी एका घावात कापली. उजाडली ती पंचमी. पंचमीला आमच्याकडे विळीला आणि तव्याला सुट्टी असते. चिरायचं नाही, कापायचं नाही, भाजायचं नाही, शेतात नांगर घालायचा नाही. नागाला इजा होईल म्हणून. घरोघरी उकडलेलं खातात. बायका वारुळाला दूध-लाह्या घेऊन जातात. अशा दिवशी आम्ही नागकन्येचा गळा कापायचा खेळ लावला होता, आणि तोही खास बायकांसाठी.

शेटजी म्हणाले, "मग आज राक्षसीण म्हण."

मी सांगितलं की आता उपयोग नाही. शब्द गावभर गेला आहे.

"तर मग जाऊन समजूत घाल," ते शांतपणे म्हणाले. "नाही जमली तर परत माझ्याकडे येऊ नकोस. तुझी पेटी गेवराईच्या गाडीत ठेवायला सांगतो."

मी करीमचाचांना बरोबर घेतलं. ते आमचे ऑपरेटर. मशीन हातानं चालायचं. एका लयीत हँडल फिरवत राहणं हे ऑपरेटरचं काम. लय चुकली की पडद्यावरची माणसं धावायला लागतात किंवा पेंगतात. हात थांबला तर दिव्याच्या उष्णतेनं फिल्म पेट घेते. चाचांचा हात कधी थांबला नव्हता.

ओढ्याकाठच्या चिंचेला झोके बांधले होते. वारुळाची पूजा उरकून बायका तिथं जमल्या होत्या. त्यांच्या पुढारी पाटलांच्या बहीण गयाक्का. पस्तिशीच्या, धर्मापुरीला दिलेल्या, पंचमीला माहेरी आलेल्या. आम्हाला बघून त्या झोक्यावरून उतरल्याही नाहीत.

"कावून आलात मास्तर? दोर तोडायला?"

बायका हसल्या. मी म्हणालो की ही आपल्याकडची गोष्ट नाही, सातासमुद्रापलीकडची आहे. तिथं पंचमी नसते.

"तिथं नसंल. हितं हाय नं? आमी सकाळधरनं भाजीला विळी लावली न्हाई, आन तुमी आमाला नागकन्येची मान कापल्याली दावणार."

ती खरं तर नागकन्या नाही, मी म्हणालो.

"काल तुमीच म्हणलात. आमचे दादा खोटं बोलतेत व्हय?"

साप्ताहिकात असतो तर पुढच्या अंकात चूकदुरुस्ती छापली असती. गयाक्कांनी पायानं झोक्याला रेटा दिला आणि जाता जाता म्हणाल्या, "तोडल्याली मान जोडून दावा. मंग लई बाया घिऊन येते."

हा टोमणा होता. बायका पुन्हा हसल्या. करीमचाचा हसले नाहीत. त्यांनी पान दुसऱ्या गालात सारलं आणि म्हणाले, "जोडता अक्का. दो बजे आव."

झोका थांबला. "येतो," गयाक्का म्हणाल्या. "पर कापलं तर सगळ्या उठून जाऊ. आन गोदामाला म्या सोता कुलूप घालीन."

परत येताना चाचांनी मला युक्ती सांगितली. मशीनचं हँडल उलटंही फिरतं. रीळ वरच्या चकतीऐवजी खालच्या चकतीवर बसवायचं, त्याचं शेवटचं टोक वर ओढायचं आणि हँडल उलटं फिरवायचं. जे शेवटी घडलं ते आधी दिसतं. पडलेला माणूस उठतो. तुटलेलं जुळतं. अडचण एकच. उलटं फिरवताना वरची चकती आपोआप फिरत नाही. ती कुणीतरी हातानं फिरवावी लागते, नाहीतर फिल्म ढिली पडून अडकते आणि जळते. चाचांचे दोन्ही हात गुंतलेले असणार. मी पडद्याशी. दिव्याला वीज पुरवणाऱ्या डायनामोच्या इंजिनापाशी बसलेल्या माणसाला हलवता येत नव्हतं.

"फिर कौन?" मी विचारलं.

"शेटजी," चाचा म्हणाले.

शेटजींना आधी पटलं नाही. मग मी सांगितलं की बाया यायला तयार आहेत. ते कोट काढून खोक्यावर उभे राहिले आणि चकती फिरवून बघू लागले.

आता गोष्ट मला नव्यानं रचायची होती. तिसरं रीळ उलटं लावायचं तर ते शेवटी यायला हवं. म्हणजे क्रम असा: पहिलं, दुसरं, चौथं, आणि मग उलटं तिसरं. पण चौथ्यात राजपुत्राकडे शिर आधीच आहे. ते न कापता त्याच्याकडे आलं कसं? गोदामाच्या पायरीवर बसून मी अर्धा तास विचार केला. शेजारच्या घरातली एक सून दुसऱ्या घरी रिकामी वाटी परत द्यायला चालली होती. तिच्याकडे बघताना मला शब्द सापडला. उसनं.

दोनला गोदाम भरलं. नव्या बांगड्या, मेंदीचे हात, कडेवर लेकरं. गयाक्का सर्वांत पुढं, कुलूप खरंच मांडीवर घेऊन.

पहिली दोन रिळं नेहमीसारखी गेली. चौथं सुरू होताना मी सांगितलं की राजपुत्रानं नागकन्येला हात जोडले, माझ्यावर संकट आहे म्हणाला, आणि त्या माउलीनं आपलं शिर त्याला उसनं दिलं. काम झालं की परत आणून द्यायच्या बोलीवर. कुणी शंका घेतली नाही. राजकन्या सुटली, राजाचा दगड झाला, बायकांनी त्याला दोन शिव्या दिल्या.

"आता राजपुत्र उसनं परत करायला निघाला," मी म्हणालो. चाचांनी हँडल उलटं धरलं.

राजपुत्र पाठमोरा उडत आला. थोडं हसू पसरलं. तो नागकन्येच्या गुहेपाशी उतरला, पिशवीतून शिर काढलं आणि हातात तलवार घेतली. हसू थांबलं. गयाक्का अर्धवट उठल्या. पुढचा क्षण मी एकदाही पाहिलेला नव्हता. काय बोलावं ते न सुचून मी म्हणालो, "पात्याला संजीवनी लावलेली आहे." तलवार मानेला टेकली, शिर धडावर बसलं, तलवार वर निघून गेली. साप हलले. नागकन्या शांत झोपली होती.

मशीनची टकटक आणि शेटजींचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

राजपुत्र मागे सरकू लागला. नजर खाली, हातात ती गोल ढाल, एकेक पाऊल मागे. हे मी रचलेल्या गोष्टीत नव्हतं. तो असा मागे मागे का जातो, याचं कारण सांगायला मी तोंड उघडलं आणि मला एकही कारण सुचेना.

गयाक्कांनीच मागं वळून बायकांना सांगितलं. "बघा गं. पूजेचं ताट हाय हातात. आन देवाला पाठ न्हाई दावली पोरानं."

देवळातून निघताना गाभाऱ्याकडे पाठ करत नाहीत, मागे सरत बाहेर येतात. त्या बायका सकाळीच वारुळापासून तशा मागे सरल्या होत्या. ढाल आणि ताट यांतला फरक पडद्यावर दिसत नव्हता. ओळीओळीतून हात जोडले गेले.

त्यानंतर माझी गरज उरली नाही. गुहेशेजारचा धबधबा खालून वर चढू लागला तेव्हा एकजण म्हणाली, "आगं बया, आपल्या कपिलधारंचं पाणी वर चाललं." दुसरीनं तिला गप्प केलं. नागलोकात पाणी वरच जात असतंय, एवढं कळंना व्हय? गुहेच्या दाराशी दगड होऊन पडलेला शिपाई उठून माणूस झाला, तेव्हा त्याच्या बायकोला किती बरं वाटलं असेल यावर चर्चा झाली. चित्रात त्याची बायको नव्हती. रीळ संपलं. गयाक्कांनी कुलूप मांडीवरून उचललं, पदराखाली घेतलं आणि लेकीबाळींना दाराकडं हाकललं.

संध्याकाळी पाटलांचा माणूस पुन्हा आला. उद्याच्या पुरुषांच्या खेळात शिर जोडायचं रीळच लावावं, असा पाटलांचा हुकूम होता. घरात दुपारपासून त्यांना तेच ऐकावं लागत होतं. काल आम्हाला अर्धीच गोष्ट दाखवली, असंही त्यांचं म्हणणं होतं. शेटजींचा खांदा भरून आला होता. त्यांनी तेल मागवलं, मला बोलावलं आणि माझी पेटी गाडीतून उतरवून घ्यायला सांगितली. एवढंच बोलले. तीन महिन्यांच्या बोलीचा विषय पुढे कधी निघाला नाही.

त्यानंतर मी सहा वर्षं पडद्याशेजारी उभा राहिलो. नव्या गावात शिरलो की पहिल्यांदा विचारायचो, इथं या आठवड्यात सण कोणता. आणि पडद्यावर काय चाललंय हे मला कळलं नाही, तर गप्प बसायचो. पुढच्या ओळीतली एखादी बाई सांगतेच.