ज्या बापांची कुठे नोंद नाही, त्यांच्या वकीलबाई

ॲडव्होकेट सुनंदाबाई औरादकर यांची पंचाहत्तरी होत आहे, त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मलाही लेख मागितला, तेव्हा मी संपादकांना तीनदा फोन करून विचारले की माणूस चुकला तर नाही ना. या पानांवर मोठे वकील, निवृत्त न्यायाधीश, प्राध्यापक लिहिणार. मी बाईंचा कारकून. माझी शाळा सातवीत सुटली. पण बाईंच्या टेबलासमोर मी वीस वर्षांच्या वर बसलो आहे आणि त्या टेबलावर जे पाहिले ते मीच सांगू शकतो, असे संपादक म्हणाले. म्हणून लिहितो. चुकले असेल तिथे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बाईंची पहिली भेट हैदराबादच्या नारायणगुड्याला त्यांच्या कार्यालयात झाली. मी आधी कोर्टाबाहेर एका अर्जनविसाकडे लिहायला होतो. ते वारले आणि माझे काम गेले. कुणीतरी बाईंचे नाव सांगितले. बाईंनी गाव विचारले. मी भालकीकडचा म्हटल्यावर त्यांनी एक अर्ज पुढे केला आणि मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला.

"काय समजलं?" बाईंनी विचारले.

"निम्मं," मी म्हणालो. दुसरे काय सांगणार?

"बरं झालं. निम्मं समजणारा माणूस निदान सगळं समजलं असं सांगत नाही. उद्यापासून या."

तेव्हापासून कार्यालयाचा एक शिरस्ता झाला. बाईंनी लिहिलेला कुठलाही अर्ज पक्षकाराच्या हाती जाण्याआधी मी मोठ्याने वाचायचा. मी अडलो की बाई ते वाक्य खोडून नवे लिहीत. "दिगंबररावांना कळलं की पक्षकाराला कळलं," असे त्या नव्या वकील मुलींना सांगत. आयुष्यभर मला माझ्या अर्धवट शिक्षणाची लाज वाटत आली. बाईंनी त्याचेच माप करून वापरले. हे उपकार कसे फिटणार, मला माहीत नाही.

बाईंची वकिली बहुतेक दत्तकाच्या कामातली. मूल नसलेली किती जोडपी त्यांच्या हातून आईबाप झाली, ते इतर लोक लिहितीलच. मी त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी लिहितो, ज्याबद्दल त्यांना नावेही ठेवली गेली. ते काम म्हणजे लग्न न झालेल्या बापांचे.

आपल्या कायद्यात असे आहे की नवराबायकोला मूल दत्तकासाठी सोपवायचे असेल तर दोघांच्या सह्या लागतात. लग्न झालेले नसेल तर एकट्या आईची सही पुरते. बाळ बाल कल्याण समितीपुढे सोपवतात. आईला फेरविचार करायला दोन महिने मिळतात. ते सरले की बाळ दत्तक द्यायला मोकळे. बाप म्हणणारा कुणी असेल तर त्याने ‘हे मूल माझे’ अशी नोंद करून ठेवावी असे रजिस्टर आपल्या कुठल्याही कचेरीत नाही. काही देशांत असते म्हणतात. बहुतेक बाप पळूनच जातात, हे बाईही मान्य करीत. "पण जो पळाला नाही, त्याने कुठल्या खिडकीपुढे उभं राहायचं?" असे त्या विचारत.

ती खिडकी बाईंनी स्वतःच उघडली. असा कुणी आला की त्याने स्वतःच्या हाताने, येईल त्या भाषेत लिहायचे: मी अमुक, या बाळाचा बाप मी आहे, माझे ऐकल्याशिवाय निर्णय करू नये. तो कागद समितीला, बाल संरक्षण अधिकाऱ्यांना आणि शिशुगृहाला रजिस्टर टपालाने जायचा. टपालाच्या पावत्या मी एका फायलीत चिकटवायचो. बाई म्हणत, "सरकारचं रजिस्टर नसलं तरी टपालाचा शिक्का सरकारचाच आहे."

या कामाचे दोन नियम होते. पहिला, कागद हैदराबादसह आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांच्या समित्यांना पाठवायचा, कारण बाळ जन्मते एकीकडे आणि सोपवतात दुसरीकडे. दुसरा, मुलीचे नाव लागेल तिथेच आणि लागेल तेवढेच लिहायचे. ते कुणाच्या टेबलावर उघडे राहता कामा नये. एकदा एक जण बाईंना म्हणाला, "नोटीस अशी पाठवा की तिच्या घरी सगळ्यांना कळलं पाहिजे. मग येईल लग्नाला." बाईंनी फाईल मिटून त्याच्या हातात दिली. "तुम्हाला मूल नको, सूड हवाय. ते दुकान दुसरीकडे." तो खाली उतरेपर्यंत त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

आता नरेशचे सांगतो. हे त्याचे खरे नाव नाही, पण लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. अंबरपेठला विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याच्या दुकानात तो कामाला होता. घरी आई आणि तो. ज्या मुलीशी त्याचे जमले होते तिने लग्नाला नाही म्हटले, बोलणे तोडले. पुढे तिच्या मैत्रिणीकडून त्याला कळले की मलकपेठच्या एका दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि तिने ती सोपवूनही दिली. सोपवल्याला दोन आठवडे होऊन गेले होते.

बाईंनी त्याला बसवले. पहिला प्रश्न केला, "तुला बाळ हवंय की बाळाची आई हवीय?"

"दोघं, मेडम."

"दोघं मिळणार नाहीत. आईने नाही म्हटलंय. घरी जा, विचार कर, उद्या ये."

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला आणि म्हणाला, "बाळ."

"ते रडलं तर उठणार कोण?"

"अम्मा उठती."

"मग अर्ज अम्माच करू दे. तू कशाला येतोस?"

त्याची आई पदर तोंडाला लावून हसली. नरेश खुर्ची पुढे ओढून बसला. मग म्हणाला, "हौ मेडम. मीच उठतो." तेव्हा बाईंनी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. त्याची शाळा तेलुगूतून झालेली, त्याने तेलुगूत लिहिले. चार ओळींना त्याला एक तास लागला.

पुढचे काम माझे होते. आणि इथे मला जे लिहायचे आहे ते मी या लेखासाठी आठ दिवस टाळत आलो.

मी तो कागद एकाच समितीला पाठवला. हैदराबादच्या. नियम मला पाठ होता. पण कागदावर त्या मुलीचे नाव होते आणि ते चार-पाच कचेऱ्यांत फिरावे हे माझ्याने होईना. माझ्याही घरात मुली आहेत. मी मनाशी म्हटले, मलकपेठचा दवाखाना, मलकपेठ म्हणजे शहर, शहर म्हणजे हैदराबाद. आम्हा जुन्या लोकांना शहर एकच माहीत. नवे जिल्हे झाले, हद्दी बदलल्या, एका रस्त्याच्या अल्याड एक जिल्हा आणि पल्याड दुसरा, हे डोक्यात शिरले तरी हाताला लवकर वळण पडत नाही. मी बाईंना विचारलेही नाही. एरवी पंखा बंद केला का हेही दोनदा विचारणारा मी, नेमके तेव्हा विचारले नाही.

महिनाभराने समितीचे उत्तर आले: असे कुठलेही बाळ या समितीपुढे आणलेले नाही. मुलीचे घर शेजारच्या जिल्ह्यात होते. बाळ तिथे सोपवले होते. ते पत्र मी खणात ठेवले. दोन दिवस ठेवले.  तिसऱ्या दिवशी सकाळी बाई चष्मा पुसत होत्या, तेव्हा पत्र त्यांच्यापुढे ठेवले आणि केले ते सगळे सांगितले.

बाईंनी पत्र वाचले. "किती दिवस उरले?"

"अकरा."

"मग आता घाबरायला वेळ नाही. पावती घ्या, रिक्षा बोलवा."

त्या दिवशी बाईंचा गुडघा सुजला होता. शेजारच्या जिल्ह्याच्या कचेरीला दोन मजले, लिफ्ट नाही. त्या एकेक पायरी चढल्या आणि मी मागे पाण्याची बाटली धरून होतो. रस्ताभर त्या मला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. उलट एका वळणावर म्हणाल्या, "तुम्ही त्या मुलीचं नाव सांभाळलंत, ते वाईट नव्हतं. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींना आडव्या आल्या, तेव्हा मला विचारायचं होतं, एवढंच."

चार दिवसांनी सुनावणी झाली. समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या, "वकील मॅडम, तुमच्याकडून एवढा उशीर? हा बाप दीड महिना होता कुठे?"

मी मागच्या बाकावर होतो. बाई उभ्या राहिल्या. "बाप तिसऱ्याच आठवड्यात आला होता. टपालाची पावती पाहा. कागद चुकीच्या कचेरीत गेला, ती चूक त्याची नाही. माझी आहे."

त्यांनी ‘माझ्या कार्यालयाची’ असेही म्हटले नाही. ‘माझी’ म्हणाल्या. ते कामकाजात तसेच लिहिले गेले.

समितीने पावतीवरचा शिक्का पाहिला आणि बापाने वेळेत तोंड उघडले होते हे मानले. बाळाच्या आईला वेगळे, एका महिला सदस्यासमोर विचारण्यात आले. ती म्हणाली, "त्याला द्या. पण माझं नाव त्याच्या घरात निघू नये." पुढे रक्ताची तपासणी झाली, घरची चौकशी झाली, आणखी काही महिने गेले, आणि बाळ नरेशला मिळाले. समितीच्या कचेरीत तिला पहिल्यांदा हातात घ्यायची वेळ आली तेव्हा त्याची बोटे ग्रीसने काळी होती आणि तो ती पाठीमागे लपवत होता. बाई म्हणाल्या, "अरे, धर नीट. काळं निघतं धुतल्यावर."

पण मधल्या महिन्यांतले एक राहिले. कोर्टाच्या आवारात बातमी फिरायला वेळ लागत नाही. औरादकरबाईंनी पत्ता चुकवला, आता वय झाले, असे लोक बोलू लागले. दोन जोडप्यांनी कागद परत नेले. एका संध्याकाळी नरेशने मला जिन्यात गाठले.

"काका, बुरा नको मानू. बाईंचं वय झालं ना. दुसरा वकील बघू क्या?"

तेव्हा मी म्हणायला हवे होते की बाबा, बाईंनी नाही, मी चुकवले. मी म्हणालो, "बाईंसारखं कुणी नाही रे." एवढेच.  मला नोकरीची भीती नव्हती, बाई काढणार नव्हत्या हे मला माहीत होते. तो पोरगा माझ्याकडे कसा बघेल, त्याची भीती होती.

नंतर मी बाईंना म्हटले, मी लोकांना खरे सांगतो. बाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या, "लोकांना वकिलाची चूक चालते, दिगंबरराव. कारकुनाची कळली तर उद्यापासून तुमच्या हाती कुणी कागद देणार नाही. मला तुमचे हात लागतात." माझ्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात दिवसभर बसून राहणाऱ्या, माझ्या धाकटीच्या लग्नात वाढायला उभ्या राहिलेल्या बाईंविषयी मी खूप लिहू शकतो. पण या एका वाक्यापुढे ते सारे लहान आहे.

या लेखालाही बाईंची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, "नरेशचं लिहा. पत्त्याचं लिहू नका, झालं ते झालं." इतक्या वर्षांत मी बाईंचा शब्द मोडला नाही. हा मोडला. त्या रागावतील आणि मग चहा मागवतील, असा माझा अंदाज आहे, पण भीती वाटते आहे हेही खरे.

समारंभाला नरेश येणार आहे. त्याला छापलेले मराठी नीट वाचता येत नाही. म्हणून सभागृहाचे दार उघडण्याआधी त्याला बाजूला घेऊन हा लेख मी स्वतः वाचून दाखवणार आहे. मग त्याने मला काय म्हणायचे ते म्हणावे. त्याची मुलगी आता शाळेत जाते.

बाईंचे गुडघे बरे राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, त्यांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य मिळो. आपले मूल मागायला येणाऱ्या माणसाला त्यांनी पुढची कितीतरी वर्षे तोच पहिला प्रश्न विचारावा. आणि इतकी वर्षे त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलेली ती एक चूक आजपासून माझ्या नावावर लागो. बाकी जे चांगले आहे, ते सगळे त्यांचेच आहे.