समासातली मराठी

अमेरिकावाल्या काकांना राग यायचा नाही, आणि त्याचाच मला अजून राग आहे. युरो नुकताच आला होता तेव्हा जर्मनीत, लुडविग्सहाफेनला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. इतिहासात डॉक्टरेट, विषय अमेरिका. तीही इंग्रजांची वसाहत होती तेव्हाची. आमच्या गणपतीला जमणारे सॉफ्टवेअरवाले हमखास विचारायचे, मग तिकडेच का नाही गेलात? काका शांतपणे सांगायचे, "अहो, इथल्याच खेड्यांतली माणसं जहाजात बसून गेली. त्यांची पत्रं इथेच आली ना."

ती जुनी पत्रं म्हणजे मुंग्यांची रांग. जर्मनांनाही धड वाचता येत नाहीत. काका आजोबांकडे मोडी शिकलेले, त्यामुळे वळणावरून अक्षर हेरायची सवय. शब्द अडला की तेच वाक्य घोकत खोलीत फेऱ्या मारायचे, ते खाली आम्हाला ऐकू यायचं. नक्कल पेन्सिलीने करायची आणि शंका समासात मराठीत लिहायची, हा त्यांचा नेम. मराठीत का, तर म्हणे शंका आपल्याच भाषेत येते.

विद्यापीठात त्यांचा फरट्राग, म्हणजे करार, दर वर्षी नवा. अशी नऊ वर्षं! मग प्रोफेसर म्हणाले, पत्रांचं पुस्तक तुमच्या नावाने येऊ दे, कायमच्या जागेचं बघू. पुस्तक आलं. वर नाव एकट्या प्रोफेसरांचं. आत काकांचे साधे आभारसुद्धा नाहीत. त्याच महिन्यात करारही संपला.

पानं उलटताना मी थबकले. 'कामाची पद्धत' म्हणून एका नकलेचा फोटो छापला होता, समासात काकांचं मराठी अक्षर. त्या दीडशहाण्यांना ते पुसायचंही सुचलं नव्हतं. म्हटलं, हा धडधडीत पुरावा आहे, आत्ताच्या आत्ता डीनकडे चला. काका चहा गाळत राहिले. "आल्झो, असो, पत्रं वाचली गेली ना? झालं तर." मी वाट्टेल ते बोलले. भित्रे म्हटलं त्यांना, तोंडावर. ते साताऱ्याला परत गेले तेव्हा स्टेशनवरही गेले नाही मी.

आता काका नाहीत. त्या दिवशी संतापात मी अक्षर नुसतं ओळखलं होतं, वाचलं नव्हतं. परवा चष्मा लावून वाचलं.

"इथे शाई फिकी आहे. अंदाज केला. चूक असेल तर ती माझी."

अख्ख्या पुस्तकात काकांनी स्वतःच्या नावावर घेतलं ते एवढंच.